इन्स्पेक्टर कोलिआंद्रो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका नेमकी आहे तरी कशाबद्दल?

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या पोलीस मुख्यालयात एक इन्स्पेक्टर आहे. अंगात लेदर जॅकेट, डोळ्यांवर काळा गॉगल, चालण्यात ऐट आणि कामाच्या नावाने बोंब. साहेबांना तो आपल्या पथकात नको असतो. सरकारी वकीलबाईंना तर त्याचं तोंडही बघायचं नसतं. म्हणून त्याला कुठल्या तरी बिनमहत्त्वाच्या टेबलावर बसवून ठेवलेलं असतं. पण तिथूनही गडी एखाद्या खुनाच्या, ड्रग्जच्या नाहीतर माफियाच्या भानगडीत बरोबर पाय अडकवतो. सोबत हमखास एक तरुणी असते आणि कुणीतरी तिच्या जिवावर उठलेलं असतं. मग पाठलाग, मारामारी, ठोकलेल्या गाड्या, वरिष्ठांच्या शिव्या. शेवटी गुन्हेगार सापडतात. कसे सापडले, ते त्याला स्वतःलाही धड सांगता येत नाही.

मूळ नाव ‘लिस्पेत्तोरे कोलिआंद्रो’. पहिला भाग ऑगस्ट २००६ मध्ये ‘राय २’ या सरकारी वाहिनीवर दाखवला गेला. ऑगस्टमध्ये निम्मी इटली समुद्रकिनारी पडलेली असते. त्या दिवसांत नवी मालिका सुरू करणं म्हणजे तिच्याकडून फार अपेक्षा नाहीत, हे उघडच. तरी प्रेक्षकांनी ती उचलून धरली.

म्हणजे हा ‘पिंक पँथर’ सिनेमांतल्या बावळट इन्स्पेक्टर क्लूझोचा इटालियन अवतार का?

सगळे हेच विचारतात. उत्तर: नाही. क्लूझोला स्वतःच्या बुद्धीबद्दल तिळमात्र शंका नसते. जग कोसळलं तरी तो खूश. कोलिआंद्रोला मात्र आत कुठेतरी पक्कं ठाऊक असतं की आपण खात्यातलं कच्चं मडकं आहोत, आणि तेच लपवायला तो एवढा रुबाब करतो. लहानपणापासून क्लिंट ईस्टवुडचे पोलीसपट बघून डोक्यात जे बसलंय तसं त्याला व्हायचंय. कमी बोलायचं, डोळे बारीक करायचे, एका गोळीत काम तमाम. प्रत्यक्षात तो बोलायला लागला की थांबत नाही आणि बोलतो तेही चुकीच्या माणसासमोर.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. क्लूझोच्या जगात कुणालाच खरं लागत नाही. कोलिआंद्रोच्या जगात लागतं. खलनायक विनोदी नसतात. ते थंड डोक्याने माणसं मारतात, गोळी लागलेला माणूस पुढच्या दृश्यात उठून बसत नाही. खरोखरच्या काळ्या गुन्हेगारी कथेत चुकून एक बावळट माणूस शिरलाय, अशी या मालिकेची रचना आहे. त्यामुळे हसू येतं तेव्हाही पोटात थोडा गोळा असतो. हे गणित ज्या भागांत जमलंय ते भाग उत्तम. जिथे खलनायकही व्यंगचित्र झालाय तिथे मजा निम्म्यावर येते.

हे पात्र कुणाच्या डोक्यातून आलं?

कार्लो लुकारेल्ली. जन्म १९६०, पार्मा. इटलीतल्या गुन्हेगारी लेखकांतलं पहिल्या रांगेतलं नाव. ‘राय ३’वर न उलगडलेल्या खऱ्या गुन्ह्यांवरचा ‘ब्लू नोत्ते’ हा कार्यक्रम तो करायचा, त्यामुळे पुस्तकं न वाचणाऱ्यांनाही चेहरा ओळखीचा. कोलिआंद्रो पहिल्यांदा नव्वदीच्या सुरुवातीला ‘निकिता’ नावाच्या कथेत आला. मग ‘फालांजे आर्माता’ (१९९३) आणि ‘इल जोर्नो देल लूपो’ (१९९४) या छोट्या कादंबऱ्यांत. मालिकेचा पहिला भाग याच दुसऱ्या कादंबरीवर आहे आणि नावही तेच.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण लुकारेल्लीचा दुसरा पोलीस ठाऊक असेल तर कोलिआंद्रो नीट कळतो. त्या दुसऱ्याचं नाव कमिसारिओ दे लूका. लुकारेल्ली विद्यार्थी असताना फॅसिस्ट राजवटीच्या अखेरच्या दिवसांतल्या पोलिसांवर प्रबंध लिहीत होता. त्यातून दे लूका जन्मला आणि १९९० मध्ये पहिली कादंबरी आली. दे लूका अत्यंत हुशार. पुरावा हातात आला की गुन्हेगार सुटत नाही. पण मुसोलिनीच्या राज्यात काम केलं, राज्य बदललं तरी करतोच आहे. कुणासाठी करतोय हे त्याने कधी विचारलेलं नाही. ‘मी पोलीस आहे’ हे त्याचं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर.

आता कोलिआंद्रो बघा. अक्कल बेताची, पण कुणाच्या हुकमात राहणं त्याला जमतच नाही. ‘या प्रकरणात पडू नकोस’ असं वरून सांगितलं की तो पडलाच. त्यात तत्त्वबित्त्व काही नसतं. समोरची मुलगी घाबरलेली असते आणि आपण नाही गेलो तर कुणीच जाणार नाही, एवढंच त्याला दिसतं. एकाच लेखकाने हुशार पण डागाळलेला आणि मठ्ठ पण स्वच्छ असे दोन पोलीस लिहिलेत. मला विचाराल तर दुसरा लिहिणं जास्त अवघड होतं.

इटलीत ‘इन्स्पेक्टर’ म्हणजे आपल्याकडच्या पोलीस निरीक्षकासारखा मोठा साहेब का?

तसं समजून बघायला बसलात तर पहिल्या दहा मिनिटांत गोंधळ होईल. आपल्याकडे निरीक्षक म्हणजे बहुतेक ठाण्यांचा प्रमुख. गाडी, खुर्ची, दरारा सगळं त्याच्याकडे. इटलीच्या पोलीस दलात इस्पेत्तोरे ही मधली पायरी आहे. १९८१ च्या कायद्याने पोलीस दलाचं लष्करी स्वरूप काढून त्याला नागरी दल केलं आणि इस्पेत्तोरे हा दर्जा तेव्हा आला. त्याच्या वर कमिसारिओ, त्याच्या वर आणखी अधिकारी आणि जिल्ह्याच्या डोक्यावर क्वेस्तोरे. क्वेस्तोरेचं मुख्यालय ती क्वेस्तूरा, आणि खून-दरोडे तपासणारं तिच्यातलं पथक म्हणजे स्क्वाद्रा मोबिले. कोलिआंद्रोला आयुष्यात हवं असतं ते या पथकातलं मानाचं स्थान.

क्वेस्तूराचं काम निव्वळ गुन्हे शोधणं नसतं. इटलीत पासपोर्ट देण्याचं काम तिचंच आणि परदेशी माणसांची राहण्याची परवानगीही तिथेच. म्हणजे एखाद्या पोलिसाला शिक्षा म्हणून बसवायला कंटाळवाण्या जागा भरपूर. लुकारेल्लीने कोलिआंद्रोला पासपोर्टचं टेबल, कँटीन असं सगळं फिरवून आणलंय. सरकारी नोकरीत ‘साइड पोस्टिंग’ काय असतं हे आपल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. तिथे तपासाची सूत्रं पब्लिको मिनिस्तेरो म्हणजे सरकारी वकिलाच्या हातात असतात. हा वकील पोलीस खात्याचा नोकर नसतो, न्यायव्यवस्थेचा भाग असतो. तो सांगेल तशी पोलिसांनी चौकशी करायची. मालिकेतल्या डॉ. लोंगी या बाई कोलिआंद्रोला एवढ्या फैलावर कशा घेऊ शकतात, याचं उत्तर यात आहे. आपल्याकडे आरोपपत्र दाखल होईपर्यंत वकिलांचा संबंध फारसा येत नाही. तिथे त्या पहिल्या दिवसापासून बोकांडी बसलेल्या असतात. आणि नावाआधीचं ‘डॉ.’ बघून त्यांना डॉक्टर समजू नका. इटलीत पदवीधर म्हटला की तो ‘दोत्तोरे’.

बोलोन्याच का? रोम किंवा नेपल्स का नाही?

बोलोन्याला विनोदी पोलिसाची परंपराच आहे. लोरिआनो माक्याव्हेल्ली या लेखकाने १९७४ पासून सार्ती अंतोनिओ नावाचा पोलीस लिहिला. कॉफीचा शौकीन, पोटाच्या दुखण्याने हैराण आणि डोक्याने यथातथाच. गुन्ह्याचा उलगडा करतो तो त्याचा डाव्या विचारांचा विद्यार्थी मित्र रोझास. सार्तीवरही राय वाहिनीने मालिका केली होती. लुकारेल्ली आणि माक्याव्हेल्ली दोघेही बोलोन्याच्या ‘ग्रुप्पो १३’ या गुन्हेगारी लेखकांच्या गटातले. म्हणजे कोलिआंद्रो आभाळातून पडलेला नाही, त्याचं घराणं याच शहरातलं.

दुसरं कारण शहराचा स्वभाव. बाहेरच्यांना बोलोन्या म्हणजे १०८८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, आसिनेल्ली आणि गारिसेंदा हे दोन मनोरे, आणि मैलोन्‌मैल कमानींखालचे फूटपाथ. हे पोर्तिकी २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. मालिका मात्र पर्यटकांच्या या बोलोन्यात रमत नाही. तिला आवडतात गोदामं, रिंगरोड, रात्रीचे पेट्रोल पंप, स्थलांतरितांच्या वस्त्या, वेअरहाऊसमधले नाइट क्लब. खाऊनपिऊन सुखी, डाव्या विचारांचं, सभ्य शहर अशी ख्याती, आणि पाठीमागच्या गल्लीत हे सगळं. लुकारेल्लीला त्या मागच्या गल्लीतच रस आहे.

खात्याची एवढी टिंगल तिथे खपते?

इटलीत काराबिनिएरींच्या मठ्ठपणावरचे विनोद हा लोकसाहित्याचाच एक प्रकार आहे. काराबिनिएरी हे वेगळं दल, संरक्षण मंत्रालयाखालचं. कोलिआंद्रो गृह मंत्रालयाखालच्या ‘पोलिझिआ दि स्तातो’तला. तेव्हा टिंगल नवी नाही.

पण बोलोन्यात तिला एक काळी किनार आहे. १९८७ ते १९९४ या काळात ‘ऊनो ब्यांका’ नावाच्या टोळीने बोलोन्यात आणि आजूबाजूच्या भागात धुमाकूळ घातला. दरोड्याला जाताना पांढरी फियाट ऊनो वापरायचे म्हणून हे नाव. २४ माणसं मारली, शंभराहून जास्त जखमी केली. जानेवारी १९९१ मध्ये पिलास्त्रो वस्तीत तीन तरुण काराबिनिएरींना गोळ्या घातल्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये टोळी पकडली गेली तेव्हा कळलं की सहापैकी पाच जण नोकरीत असलेले पोलीस होते. ज्यांनी शोधायचं तेच करत होते.

कोलिआंद्रोच्या दोन्ही कादंबऱ्या याच वर्षांतल्या आहेत हे लक्षात ठेवून मालिका बघा. ज्या शहराने वर्दीतले असले राक्षस पाहिले त्या शहरात चक्रम पण मनाने सरळ पोलिसाला लोक का माफ करतात, हे सहज समजतं.

कोलिआंद्रोचं काम करणारा नट कोण? आणि बाकीची मंडळी?

जांपाओलो मोरेल्ली, जन्म १९७४, नेपल्सचा. दिसायला देखणा आहे आणि तीच गंमत आहे. बावळट पोलिसासाठी कुणीही बावळट दिसणारा नट घेतला असता. मोरेल्लीला जॅकेट-गॉगल खरोखर शोभतो. फोटो काढला तर हिरो, चार पावलं चालला की पंचाईत. कोलिआंद्रो तोऱ्यात येतो तेव्हा मोरेल्लीची मान किंचित वर जाते आणि आवाज एक पट्टी खाली उतरतो. समोरच्याने एक वाक्य सुनावलं की दोन्ही परत जागेवर. काही बिनसलं की तोंडातून ‘बेस्तिया!’ निघालंच.

गार्जुलो (जुझेप्पे सोलेरी) हा खात्यातला एकमेव माणूस ज्याला कोलिआंद्रो ग्रेट वाटतो. भोळा, आज्ञाधारक आणि कोलिआंद्रोपेक्षाही एक पाऊल मागे. गुरूपेक्षा मठ्ठ चेला शोधणं सोपं नव्हतं, पण त्यांनी शोधला. गांबेरिनी (पाओलो सासानेल्ली) हा टोमणे मारणारा, पण वेळेला धावून येणारा सहकारी. दे झान (आलेस्सांद्रो रोस्सी) हा पथकाचा साहेब आणि लोंगी (वेरोनिका लोगान) या वर सांगितलेल्या वकीलबाई. मला यातला गांबेरिनी सर्वांत आवडतो. बाकीचे कोलिआंद्रोवर चिडतात, हा एकटा त्याला ओळखून आहे.

दिग्दर्शन मानेत्ती बंधूंचं आहे म्हणजे काय विशेष?

मार्को आणि अंतोनिओ मानेत्ती हे रोमचे दोघे भाऊ. भूतपट, विज्ञानपट, सत्तरच्या दशकातले इटालियन मारधाडपट अशा ‘दुय्यम’ समजल्या जाणाऱ्या सिनेमांवर त्यांचं मनापासून प्रेम. सरकारी वाहिनीवरच्या मालिका म्हणजे उजळ प्रकाश, नीटनेटकं घर आणि दोन माणसं सोफ्यावर बोलतायत, असा प्रकार चालू असताना यांनी रस्त्यावर उतरून, हलत्या कॅमेऱ्याने, पाठलाग आणि गोळीबार चित्रित केला. प्रत्येक भाग जवळजवळ दीड तासाचा म्हणजे एक छोटा सिनेमाच. पिविओ आणि आल्दो दे स्काल्झी यांचं संगीत त्या जुन्या मारधाडपटांना सलाम ठोकणारं.

मोरेल्ली आणि हे दोघे पुढेही एकत्र राहिले. त्यांच्या ‘अम्मोरे ए मालाव्हीता’ या सिनेमाला २०१८ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा दाव्हिद दि दोनातेल्लो पुरस्कार मिळाला. हा इटलीचा मोठा चित्रपट पुरस्कार. हा सिनेमाही गुन्हेगारी आणि विनोद एकत्र कालवलेला. तालीम कुठे झाली ते सांगायला नको.

यात कबीर बेदी आहे हे खरं का?

अगदी खरं. २०२१ च्या पर्वात एका भागाचं नावच ‘कबीर बेदी’ आहे आणि त्यात तो स्वतः कबीर बेदी म्हणूनच येतो.

आपल्याकडे कबीर बेदी म्हटलं की अनेकांना रेखाला मगरींच्या तोंडी देणारा नवरा आठवतो. इटलीत मात्र तो दैवत आहे. १९७६ च्या सुरुवातीला राय वाहिनीवर सेर्जिओ सोल्लिमा दिग्दर्शित ‘सांदोकान’ ही सहा भागांची मालिका लागली. एमिलिओ साल्गारीच्या गोष्टींतला मलायातला समुद्री चाचा, इंग्रजांशी लढणारा, आणि त्या भूमिकेत हा उंचापुरा, दाढीवाला, गहिऱ्या डोळ्यांचा भारतीय नट. सगळा देश वेडा झाला. त्या पिढीतली मुलं सांदोकान खेळत मोठी झाली. मुंबईत तो अनेकांतला एक नट होता, रोममध्ये उतरला की रस्ता अडायचा.

त्यामुळे हा भाग इटालियन प्रेक्षकाला जसा भिडतो तसा आपल्याला भिडणार नाही. सांदोकानचे दोन भाग आधी बघून घेतलेत तर गंमत वाढेल. कोलिआंद्रो ईस्टवुडसारखं व्हायला बघणारा माणूस. त्याच्यासमोर पडद्यावरचा खराखुरा नायक आणून उभा करायचा, ही कल्पना पंधरा वर्षं आधी कशी सुचली नाही याचंच नवल.

कोलिआंद्रो बायकांबद्दल, परदेशी लोकांबद्दल काहीही बोलतो. हे चालतं?

बोलतो खरा. चिनी, आफ्रिकी, अरब, समलिंगी, डावे, पोरी, सगळ्यांबद्दल त्याच्याकडे आधीच तयार मत असतं आणि ते तो मागितल्याशिवाय देतो. फरक असा की मालिका त्याच्या बाजूने उभी राहत नाही. ज्या गटाबद्दल तो बरळतो त्यातलंच कुणीतरी पुढच्या तासाभरात त्याचा जीव वाचवतं आणि त्याला तोंडावर पाडतं. पहिल्या भागातली निकिता (निकोल ग्रिमाउदो) ही बंडलं पोचवणारी कुरिअर मुलगी त्याच्यापेक्षा धीट आणि चलाख. ‘वेंदेत्ता चिनेझे’ या चिनी पार्श्वभूमीवरच्या भागातही तेच.

तरीही साचा दिसतोच. दर भागात नवी सुंदर तरुणी, ती संकटात, तो मदतीला आणि अखेर ती निघून जाते. पाच-सहा भागांनंतर पुढचं आधीच कळायला लागतं. २००६ मध्ये सहज निसटलेले काही विनोद आज कानाला खुपतात. ते झाकायचं कारण नाही.

सिसिलीतल्या पोलीस अधिकाऱ्यावरची ‘मोन्ताल्बानो’ मालिका आवडते. हे आवडेल का?

दोघांचं फारसं जुळत नाही. मोन्ताल्बानोत सिसिलीचं ऊन, समुद्र, जेवण आणि विचार करणारा माणूस. तिथला बावळट म्हणजे फोनवर नावांची वाट लावणारा कातारेल्ला, कडेचं पात्र. इथे कातारेल्लाच्या जातीचा माणूस मध्यभागी आणि वेग दुप्पट. मोन्ताल्बानो राय १ वर सहकुटुंब बघतात. कोलिआंद्रो राय २ चा, तरुण पोरांचा. ज्यांना मोन्ताल्बानोतलं जेवण आवडतं त्यांनी इथे काही शोधू नये. हा एकटा राहणारा गडी धड जेवतही नाही.

मध्ये एवढी वर्षं मालिका बंद का होती?

२०१० नंतर राय वाहिनीने नवे भाग काढलेच नाहीत. चाहते इंटरनेटवर मागे लागले, जुने भाग पुन्हापुन्हा दाखवले गेले आणि तेही लोक बघत राहिले. जानेवारी २०१६ मध्ये सहा नवे भाग आले. नावापुढे शेपूट जोडलं होतं, ‘इल रितोर्नो’, म्हणजे पुनरागमन. मोरेल्ली चाळिशी ओलांडलेला, पण जॅकेट तेच. वय वाढूनही बढती नाही, त्यामुळे पात्र आणखीच पटतं.

सुरुवात कुठून करावी?

२००६ चे चार भाग क्रमाने बघा. प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र आहे, तरी गार्जुलो, लोंगी वगैरे मंडळींशी ओळख तिथे नीट होते. ते आवडले तर २०१० पर्यंतचे सगळे. नंतरचे भाग निवडून बघितले तरी चालतील. कबीर बेदीच्या भागासाठी मात्र आधीचं काही पाहिलेलं असण्याची गरज नाही.

घरच्या मुलांसोबत बघता येईल?

दहावीच्या खालच्या मुलांसोबत नको. शिव्या भरपूर, मारामारी रक्ताळलेली आणि काही भागांचे विषयच मोठ्यांचे आहेत.

बघायची कुठे?

‘रायप्ले’ या राय वाहिनीच्या स्वतःच्या सेवेवर. पण तिथलं बरंच काही इटलीबाहेरून उघडत नाही आणि सबटायटल्स असली तर इटालियनमधली. इंग्रजी सबटायटल्ससह ही मालिका अमेरिकेत ‘एमएचझेड’ या कंपनीने आणली होती. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आधी तिथे शोधावं. हक्क बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी यादी तपासून घ्या.

इटालियन शिकायला उपयोग होईल का?

ऐकण्याचा सराव म्हणून झकास, बोलण्याचा नमुना म्हणून अजिबात नको. कोलिआंद्रो दक्षिणी हेलात, अर्धी वाक्यं गिळत बोलतो आणि उरलेल्या अर्ध्यात शिव्या असतात. वर्गात असं बोललात तर बाई बाहेर काढतील. त्यापेक्षा लोंगीबाईंच्या वाक्यांवर लक्ष ठेवा. स्वच्छ उच्चार, पूर्ण व्याकरण आणि अपमान करण्याची उत्तम शब्दसंपत्ती.